डोळ्यांच्या इशाऱ्यावर हाताचं उद्दीपन: नको तेव्हा मूठ वळते

मज्जारज्जू_प्रकल्प
मज्जारज्जूला मानेतल्या सी-५ पातळीवर इजा. खांदा, कोपर चालतात, बोटं नाहीत. हाताच्या स्नायूंना विजेचे झटके (पल्स) देणारा दोन चॅनेलचा स्टिम्युलेटर: २५ हर्ट्झ, पल्सची रुंदी ३०० मायक्रोसेकंद. आदेश ईओजीवरून, म्हणजे डोळे हलताना त्यांच्याभोवती मिळणाऱ्या विद्युत सिग्नलवरून: उजवीकडे पाहिलं की मूठ मिटते, डावीकडे पाहिलं की उघडते. सिग्नल मोजणारी चिप एडीएस१२९९, सेकंदाला २५० सॅम्पल, हाय-पास (संथ बदल गाळणारा फिल्टर) ०.५ हर्ट्झ. नजर नुसती मध्यावर परतली तरी उलटा आदेश जातो. उद्दीपन सुरू झाल्यावर तर सिग्नल वाचताच येत नाही.

बायोसिग्नल
उलट्या आदेशाचं मूळ हाय-पासमध्ये आहे. ०.५ हर्ट्झला कालस्थिरांक (सिग्नल ओसरायला लागणारा वेळ) जेमतेम ०.३ सेकंद, त्यामुळे उजवीकडे रोखलेली नजर लगेच शून्यावर येते आणि परतताना डावीकडची उडी दिसते. ०.०५ हर्ट्झ ठेवा. बेसलाइन (सिग्नलची मूळ पातळी) सरकेल, म्हणून पातळी न पाहता उडी मोजा.

एकाच कटाक्षावर आदेश देऊ नका. सहज पाहताना नजरेची उडी बहुधा १५ अंशांच्या आत असते. ३० अंश उजवीकडे, मध्य, पुन्हा उजवीकडे, हे सगळं दीड सेकंदात झालं तरच मूठ मिटू द्या. अंशामागे साधारण ५ ते २० मायक्रोव्होल्ट मिळतात, पण माणसागणिक आणि उजेडागणिक फरक पडतो. अंधाऱ्या खोलीतून उन्हात आल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा कराच.

उद्दीपनाचा गोंधळ: २५० सॅम्पलला चिपचा आतला फिल्टरच एक पल्स तीन-चार सॅम्पलवर, म्हणजे १२ मिलिसेकंदांहून जास्त पसरवतो. १००० वर न्या. पल्स कधी सुटली ते सांगणारी स्टिम्युलेटरची ट्रिगर लाइन ऑप्टोकपलरमधून (प्रकाशाने सिग्नल देणारा, विजेचा थेट संबंध तोडणारा भाग) घ्या आणि पल्सनंतरचे ५-६ मिलिसेकंद आधीची किंमत धरून ठेवा. हे लो-पासच्या (वेगवान बदल गाळणाऱ्या फिल्टरच्या) आधी. नंतर केलंत तर पल्सचा डाग पसरलेलाच असतो. स्टिम्युलेटर आणि ॲम्प्लिफायर यांचा ग्राउंड एक नको, दोन्ही बॅटरीवर हवेत.

फिजिओ_हात
मनगटाकडे लक्ष द्या. सी-५ च्या इजेत मनगट वर उचलता येत नाही. बोटं मिटवणारे स्नायू उद्दीपित केले की मनगटही खाली वाकतं आणि पकड ढिली पडते. स्प्लिंटने मनगट २०-३० अंश वर धरा.

३०० मायक्रोसेकंदाला स्नायू हललाच नाही, तर त्याची चेता (नर्व्ह) तपासून घ्या. मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतचा चेतामार्ग तुटला असेल तर करंट वाढवून फक्त त्वचा भाजेल.

करंट अर्ध्या सेकंदात हळूहळू चढवा, नाहीतर स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा आपोआप येणारा ताठरपणा) उसळते. थांबवण्याचं बटण डोळ्यांवर सोडू नका. कोपराने दाबता येईल असं, थेट आउटपुट तोडणारं हवं. डोकं ठणकलं, चेहऱ्याला घाम सुटला, रक्तदाब चढला तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया (मज्जारज्जूच्या इजेत रक्तदाब अचानक धोकादायक चढणं) समजा: उद्दीपन बंद, रुग्णाला ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी (कॅथेटर) तुंबली आहे का पाहा, डॉक्टरांना बोलवा.