‘नोप’ मधला प
इंग्रजीत नाही म्हणायला वापरतात तो ‘नोप’ (nope) म्हणजे ‘नो’ आणि ‘प्लीज’ यांचं जोडरूप, म्हणून तो नम्र नकार, असं एकानं लिहिलंय. ते मला पटत नाही. त्यातला ‘प’ कुठल्याच शब्दातून आलेला नाही. ठासून ‘नो’ म्हटलं की बोलणं संपवताना ओठ आपोआप मिटतात, आणि त्या मिटण्याचाच ‘प्’ झाला. ‘येस’चं ‘येप’ (yep) होतं तेही असंच. दोन्ही शब्द अमेरिकन बोलीतले, 1880 च्या दशकाच्या आसपास छापील मजकुरात दिसू लागलेले. म्हणूनच तो ‘प’ आपल्या ‘बाप’मधल्यासारखा फोडून म्हणायचा नसतो, ओठ मिटले की शब्द संपला.

आमच्या लातूरकडं याला चपखल जोड आहे. “जेवलास का रे?” विचारलं की पोरगं हनुवटी वर करून नुसतं ‘च्यक्’ करतं. झाला नकार! आईपुढं, मित्रापुढं चालतं. गुरुजींपुढं केलं तर “तोंडानं बोल” म्हणून ऐकावं लागायचं. ‘नोप’चंही अगदी तेच. माझ्या भाच्यानं नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीत “आधीचा अनुभव आहे का?” याला सरळ ‘नोप’ म्हटलं. त्याला वाटलं, हे चांगलं सफाईदार इंग्रजी. समोरच्या बाई क्षणभर गप्प झाल्या, आणि पोरगं नंतर दोन दिवस विचारत होतं, मामा, माझं चुकलं काय? तिथं ‘नो, मॅडम, नॉट येट’ पुरे होतं. चुलत भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र खुशाल ‘नोप’ लिहा.