एसआरशिप (सीनियर रेसिडेंटशिप) संपत आली, आता कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हावं की रामदासपेठेत सेंटर जॉइन करावं?

रिपोर्टिंगरूम_नागपूर

नमस्कार. मी मूळची यवतमाळकडची, एमडी रेडिओडायग्नोसिस (एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय वाचून निदान करणं) नागपुरातच केलं आणि आता बाँडचं (सक्तीच्या सेवेचं) वर्ष एसआर म्हणून करून राहिली आहे, ते संपत आलंय. पुढं काय यावरून घरात रोज चर्चा होते आणि मला काही सुचून नाही राहिलं, म्हणून इथं विचारते.

रामदासपेठेतल्या एका डायग्नोस्टिक सेंटरची ऑफर आहे. पैसे कॉलेजच्या दुपटीहून जास्त, पण काम मुख्यतः सोनोग्राफीचं, सकाळी प्रोब हातात घेतला की संध्याकाळीच ठेवायचा, सीटी-एमआरआय तिथले सिनियर सर बघतात. दुसरीकडे एका टीचिंग हॉस्पिटलमध्ये असिस्टंट प्रोफेसरची जागा निघाली आहे. मला शिकवायला मनापासून आवडतं, सकाळी ज्युनियर पोरांसोबत फिल्म रीडिंगला बसते तो दिवसातला माझा सगळ्यात आवडता वेळ. पण सासरे म्हणतात शिकवायचंच होतं तर एवढी रँक आणून रेडिओ कशाला घेतलं, ह्यांचं (माझ्या नवऱ्याचं) ऑर्थोचं, हाडांचं, स्वतःचं ओपीडी आत्ताच सुरू झालंय, त्याचं कर्ज डोक्यावर आहे, म्हणजे त्यांचंही अगदीच चुकीचं नाही.

कॉलेजात प्रमोशन खरंच होतात का आणि किती वर्षांनी? तिथं राहून बाहेर थोडी प्रॅक्टिस करता येते का? आता प्रायव्हेटला गेली आणि चार-पाच वर्षांनी वाटलं तर परत येता येईल का? आणि आम्हाला बाळाचा विचार करायचा आहे, तर रेडिएशनचं टेन्शन कुठं कमी? जे आत राहिलेत किंवा आतून बाहेर पडलेत त्यांनी लिहा प्लीज.

व्ह्यूबॉक्स_जुना

बेटा, मी बरीच वर्षं शिकवून राहिलो आहे, त्यामुळं माझा कल कुणीकडे असेल ते तुला कळेलच, तरी सगळं लिहितो.

आधी नियम सांगतो कारण त्यात पोट्टे फार गोंधळतात. एमडीनंतर मान्यताप्राप्त कॉलेजात एक वर्षाची एसआरशिप झाली की असिस्टंट प्रोफेसर होता येतं, ते तुझं झाल्यातच जमा आहे. असोसिएट व्हायला असिस्टंट म्हणून ४ वर्षं आणि २ पेपर (छापून आलेले शोधनिबंध) लागतात, शिवाय मेडिकल एज्युकेशनचा बेसिक कोर्स आणि रिसर्चचा बेसिक कोर्स बीसीबीआर, तो ऑनलाइन असतो. प्रोफेसर व्हायला त्यापुढं ३ वर्षं आणि एकूण ४ पेपर, त्यातले २ असोसिएट असतानाचे. म्हणजे कागदावर सात वर्षांत प्रोफेसर. पण हे झालं पात्रतेचं. सरकारी कॉलेजात पद रिकामं लागतं, कायम नेमणूक एमपीएससीतून होते आणि तिची जाहिरात कधी निघेल त्यावर तुझं वेळापत्रक अवलंबून राहतं. खाजगी कॉलेजात प्रमोशन लवकर होतात कारण इन्स्पेक्शनला आणि पीजीच्या सीटांना त्यांनाच प्रोफेसर हवे असतात. मिहानच्या एम्ससारख्या ठिकाणी गणित तिसरंच आहे, तिथं असिस्टंटलाच एमडीनंतर ३ वर्षांचा अनुभव मागतात, पगार लेव्हल १२ पासून सुरू होतो, आणि पुढचं प्रमोशन पद रिकामं होण्याची वाट न पाहता मूल्यमापनावर होतं. बाहेर प्रॅक्टिस मात्र तिथं अजिबात नाही. त्यामुळं ही पहिली तीन वर्षं तू कुठं घालवतेस त्यावर तो दरवाजा उघडा राहतो की बंद होतो हे ठरतं.

आता माझं खरं म्हणणं. रेडिओलॉजिस्टची नजर तयार होते ती पुढं त्या पेशंटचं काय झालं हे कळल्यावर. सेंटरमध्ये पेशंट रिपोर्ट घेऊन गेला की गेला, तू लिहिलेलं बरोबर होतं की नाही हे तुला कुणी सांगायला येत नाही. टीचिंग हॉस्पिटलमध्ये सर्जन खाली येऊन सांगतो की तुम्ही म्हणाला ती गाठ स्वादुपिंडात नव्हती, मागच्या नोडमध्ये (लसिकाग्रंथीत) होती. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो, ट्यूमर बोर्डात (कॅन्सरच्या केसवर सगळ्या विभागांच्या बैठकीत) सगळ्यांसमोर सीटी परत उघडावा लागतो. ही पाच-सात वर्षं एकदा अंगात मुरली की पुढं तू कुठंही जा.

आणि नागपूरसारखं मटेरियल फार कमी ठिकाणी आहे. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरपासून बालाघाट, छिंदवाडा, पार आदिलाबादपर्यंतचा पेशंट इथं येतो. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाण्यापायी तोंडाचे कॅन्सर किती आहेत ते तू पाहतेच. सीटीला पेशंटला गाल फुगवून धरायला लावलं की गाल आणि हिरडी वेगळे होतात आणि लीजन (गाठ किंवा जखम) नेमकं कुठून निघालंय ते दिसतं, नाहीतर दोन्ही चिकटून एकच गोळा दिसतो. ही साधी गोष्ट, पण मशीनजवळ उभं राहून टेक्निशियनला आणि जेआरला (ज्युनियर रेसिडेंटला) दाखवणारा कुणी नसेल तर ती होत नाही आणि सर्जनला अर्धवट उत्तर मिळतं.

सिकलसेलचंही (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचंही) तसंच. पुस्तकात लिहिलेलं असतं की स्प्लीन (प्लीहा) आक्रसून नाहीसा होतो, आपल्याकडच्या पेशंटमध्ये तो बरेचदा मोठाच सापडतो कारण आपल्या लोकांत फीटल (गर्भातलं) हिमोग्लोबिन जास्त असतं. वीस-बावीसचा पोरगा कमरेत दुखतं म्हणून येतो, एक्स-रे नॉर्मल, ओपीडीवाले पेनकिलर लिहून मोकळे, आणि एमआरआयच्या टी२ वर फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) डोक्यात ती दुहेरी रेघ, रक्त न पोचल्यानं हाड मरत असल्याची खूण, उभी असते. तेव्हा पकडलं तर ऑर्थोवाल्यांना सांधा वाचवायला काहीतरी करता येतं, हाडाचं ते डोकं खचल्यावर सांध्याचं रिप्लेसमेंटच उरतं. तुझ्या घरातच ऑर्थो आहे, विचार त्यांना. हाडातलं इन्फार्क्ट (रक्त अडून मेलेला भाग) की ऑस्टिओमायलायटिस (हाडातला जंतुसंसर्ग) हा तर रोजचा वाद आहे, दोन्हीत ताप, दोन्हीत सूज. हे शिकवणारे आपण नसलो तर पुढची पोरं कुणाकडून शिकणार, सांग.

धंतोली_सोनो

सरांशी मी पूर्ण सहमत आहे, पण दुसरी बाजूही यायला पाहिजे म्हणून लिहितो. ताई, मी कॉलेज सोडून बाहेर पडलो आणि मला त्याचा पस्तावा नाही. मी कंत्राटी होतो (कुठं ते राहू द्या), ऑर्डर ठराविक दिवसांची, मधे ब्रेक, मग परत नवी ऑर्डर, कधी ऑर्डर उशिरा म्हणून पगार उशिरा, आणि तेवढ्यात वडलांचं ऑपरेशन निघालं. शिकवायची आवड मलाही होती, पण हप्ता आवडीवर भरला जात नाही. घरावर कर्ज असताना प्रायव्हेट निवडणाऱ्या माणसाकडं कमी दर्जाचा म्हणून पाहणं बंद झालं पाहिजे, हे मी फार मनापासून सांगतो. जिल्ह्यातल्या गर्भवतींच्या किती सोनोग्राफ्या प्रायव्हेटमध्ये होतात ते बघा, ते कामही कुणीतरी नीटच करायला हवं ना.

तुमच्या प्रॅक्टिसच्या प्रश्नाबद्दल. सरकारी कायम पदावर व्यवसायरोध भत्ता मिळतो, त्यामुळं बाहेर प्रॅक्टिस विसरा. खाजगी कॉलेजात संध्याकाळी बाहेर बसू देतात का ते कॉलेजवर आहे, नेमणूक घ्यायच्या आधी लेखी विचारून घ्या. आता चेहरा दाखवून आधारवर हजेरी लागते आणि ७५ टक्के हजेरी लागते, त्यामुळं सही मारून दुपारी दुसरीकडे जाणं हे दिवस गेले, आणि ते गेले हे चांगलंच झालं.

एक गोष्ट रेडिओवाल्यांना हमखास अडवते. पीसीपीएनडीटीखाली (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली) एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच ठिकाणी सोनोग्राफीसाठी तुमचं नाव नोंदवता येतं. कॉलेज हे त्यातलं एक झालं की बाहेर एकच उरतं. आणि जॉइन करताना किंवा सोडताना अॅप्रोप्रिएट अथॉरिटीला (त्या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याला) ३० दिवस आधी कळवावं लागतं. म्हणून सेंटरवाले उद्याच या म्हणाले तरी नाव चढल्याशिवाय मशीनला हात लावू नका, कितीही ओळखीचे असले तरी.

आणि एक खरं सांगतो, तुमच्या त्या ऑफरमध्ये मला पैसा खटकत नाही, सीटी-एमआरआय सिनियर बघतात हे खटकतं. दोन-तीन वर्षं फक्त पोट आणि ओबीच्या (गरोदर बायकांच्या) सोनोग्राफ्या केल्या की एमआरआय मणका सोडून बाकी काही वाचायचा हात जातो, माझ्या ओळखीच्यांचं झालंय तसं. सेंटरलाच जायचं तर क्रॉस सेक्शनलचे (सीटी-एमआरआयचे) आठवड्यातले दोन-तीन दिवस ठरवूनच जा. कॉलेजला गेलात तर रात्रीच्या टेलीरेडिओलॉजीनं (घरून ऑनलाइन रिपोर्टिंगनं) थोडी भर पडते, पण तेही कॉलेजच्या परवानगीनंच.

डोसमीटर

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, आरएसओचं (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरचं) काम बघते. बाकीचं सर-भाऊंनी लिहिलंच आहे, मी फक्त रेडिएशनचं लिहिते.

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये आयोनायझिंग रेडिएशन नाहीच. सीटी रिपोर्टिंग तुम्ही बाहेर कन्सोलवर करता, तिथंही काळजीचं कारण नाही. खरा डोस लागतो तो फ्लुरोस्कोपी (चालू एक्स-रे), डीएसए (रक्तवाहिन्यांचा एक्स-रे) आणि सीटी गाइडेड प्रोसिजरला आत उभं राहता तेव्हा. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यासाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट आहे, पाच वर्षांची सरासरी धरून, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये. म्हणून कळल्याबरोबर एचओडी आणि आरएसओला लेखी कळवा, तोंडी नको. त्यानंतर तुमची ड्युटी फ्लुरोवरून काढून सोनो-एमआरआयला लावणं ही डिपार्टमेंटची जबाबदारी आहे, तुमच्यावर कुणी उपकार करत नाही.

टीएलडी बॅज (अंगाला लागलेला डोस मोजणारा) शिशाच्या अॅप्रनच्या आत छातीवर लावा, कृपा करून ड्रॉवरमध्ये ठेवू नका. बाहेरच्या सेंटरला जॉइन झालात तरी पहिल्या आठवड्यात विचारा की माझ्या नावाचा टीएलडी आहे का. सेंटर असो की कॉलेज, डोसचं टेन्शन जागेनुसार बदलत नाही, शिस्तीनुसार बदलतं.

रिपोर्टिंगरूम_नागपूर

सर, दादा, मॅडम, तिघांचेही खूप आभार. रात्री ह्यांना आणि सासऱ्यांना बसवून सगळं वाचून दाखवलं. फीमरच्या डोक्याचं वाचल्यावर हे म्हणाले, असे दोन पोरं मागच्याच महिन्यात उशिरा आले माझ्याकडं. पीसीपीएनडीटीच्या दोन जागांचं आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

मी कॉलेजकडं झुकून राहिली आहे. दोन शंका उरल्यात. माझा थिसिस सिकलसेलच्या हिप एमआरआयवरच होता आणि तो तसाच कपाटात पडून आहे, त्याचा पेपर होईल का? आणि समजा जमलं नाही, सोडावं लागलं, तर परत यायचा रस्ता राहतो का ते सर तुम्ही सांगितलं नाही.

व्ह्यूबॉक्स_जुना

थिसिस कपाटात ठेवू नको बेटा, तोच तुझा पहिला पेपर. आधी गाइडशी बोल आणि लेखकांची नावं, क्रम ठरवून घे, मागाहून वाद नको. पहिल्या तीन लेखकांत नाहीतर करस्पॉन्डिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणारी) लेखक म्हणून तुझं नाव असलं तरच तो प्रमोशनला धरतात. जर्नल मेडलाइन, स्कोपस, डीओएजे वगैरे यादीतलं आहे का ते स्वतः तपास, पैसे भरा आणि आठवड्यात छापू अशी ईमेल आली की सरळ डिलीट कर. आणि एकट्यादुकट्या केस रिपोर्टवर वेळ घालवू नको, तो मोजत नाहीत, ओरिजिनल आर्टिकल किंवा केस सिरीज मोजतात. तुझ्याकडं एथिक्सच्या मंजुरीसकट डेटा तयार आहे, ह्यांच्याकडून त्या पेशंटांचं पुढं काय झालं ते जोडता आलं तर पेपर आणखी भक्कम होईल, त्यासाठी मात्र कमिटीची वेगळी परवानगी काढ.

परत यायचं म्हणशील तर एसआरशिप झाल्याचा दाखला आयुष्यभर चालतो, त्यावर असिस्टंट प्रोफेसर म्हणून कधीही येता येतं. पण सेंटरमधली वर्षं शिकवण्याच्या अनुभवात धरत नाहीत, पाच वर्षांनी आलीस तरी सुरुवात असिस्टंटपासूनच, आणि तुझेच ज्युनियर तेव्हा असोसिएट असतील. २०२५ च्या नव्या नियमांत किमान २२० खाटा असलेल्या सरकारी हॉस्पिटलात १० वर्षं काढलेल्या स्पेशालिस्टला असोसिएटची वाट मोकळी झाली आहे, पण ती सरकारी हॉस्पिटलवाल्यांसाठी, रामदासपेठेतल्या अनुभवाला लागू नाही.

आणि जॉइन करशील तर प्रत्येक कागद जपून ठेव. नेमणुकीची ऑर्डर, रुजू अहवाल, दरवेळची मुदतवाढ, सोडताना रिलीव्हिंग आणि अनुभवाचा दाखला, त्यावर तारखा आणि पदनाम नीट लिहिलेलं. कंत्राटी असेल तर मधला ब्रेक अनुभवात कसा मोजणार ते सहीच्या आधीच आस्थापनेत विचार. चांगले शिक्षक केवळ एका हरवलेल्या ऑर्डरपायी वर्षभर मागं पडलेले पाहिलेत मी, फार जीव तुटतो. एसआरशिपचा दाखला तर शेवटच्या दिवशी हातात घेऊनच बाहेर पड, नंतर क्लार्क बदलतो आणि फाइल सापडत नाही. पेपरचा ड्राफ्ट झाला की मला इथंच मेसेज कर, इमेजेस कोणत्या घ्यायच्या ते आपण सोबत बसून बघू.