बालीत राहून तिथली पारंपरिक कला शिकायची असेल, तर कोणत्या गावी जावे?

बोरीकाठ (अमळनेर):
नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. २०२६ च्या उन्हाळी सुट्टीत मी आणि माझी धाकटी बहीण पंधरवड्यासाठी इंडोनेशियातील बाली बेटावर जाणार आहोत. तिथल्या कारागिरांजवळ बसून काहीतरी मनापासून शिकावे, अशी आम्हा दोघींची इच्छा आहे. बहिणीचे सासर जळगावच्या सराफी व्यवसायातले असल्यामुळे तिला चांदीच्या कामाची ओढ आहे, मला चित्रांची. सहलींच्या पत्रकांत मात्र सकाळी बाटिक (मेण लावून कापड रंगवणे), दुपारी लाकडावरचे कोरीव काम आणि संध्याकाळी नृत्य असा कार्यक्रम दिसतो, आणि त्यातून हाती काय लागेल याची शंका वाटते. कोणत्या गावी कोणती कला खरोखर नांदते, आणि इतक्या थोड्या काळात तिच्यातले काय शिकता येईल?

कुंचला (धुळे):
ताई, तुम्ही चित्रकलेच्या शिक्षिका आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की सगळा मुक्काम उबुड या कलांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात न करता क्लुंगकुंग भागातील कामासान या गावी जा. उबुडची जी चित्रे आज सर्वत्र दिसतात, त्यांचे वळण १९३० च्या दशकात वॉल्टर स्पीस आणि रुडॉल्फ बोनेट या युरोपीय चित्रकारांच्या सहवासात बदलले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या ‘पिता महा’ या कलावंतांच्या मंडळात गुस्ती न्योमान लेम्पाद यांच्यासारखे थोर स्थानिक कलाकारही होते, आणि ही सगळी परंपरा उबुडच्या पुरी लुकिसान संग्रहालयात नीट पाहता येते. ती अवश्य पाहा. पण कामासानची शैली तिच्याहून पुष्कळ जुनी आहे. तिच्यातील आकृत्या चामड्याच्या छायाबाहुल्यांच्या घडणीवरून आलेल्या आहेत आणि विषय बहुतांशी महाभारत-रामायणातले असतात.

तिथे चित्राला सुरुवात होते ती कापडापासून. सुती कापडाला तांदळाच्या पिठाची खळ देऊन ते उन्हात कडक वाळवतात आणि मग मोठ्या कवडीने इतके घोटतात की पृष्ठभाग कागदासारखा गुळगुळीत होऊन रेषा फुटत नाही. पांढरा रंग जाळलेल्या हाडांच्या भुकटीचा, काळा काजळीचा, निळा निळीचा आणि पिवळा मातीचा, अशी जुनी पद्धत आहे. मुख्य चित्रकार रेखाटन करतो आणि रंग भरण्याचे काम बहुधा घरातील इतर माणसे, विशेषतः स्त्रिया करतात. शेवटची बारीक काळी रेषा पुन्हा कसलेल्या हाताची. नवख्या माणसाला सहसा तयार कापड आणि आखलेले चित्र देऊन रंग भरायला बसवतात. तुम्ही मात्र खळ आणि घोटाई यांपासून शिकवावे, अशी विनंती आधीच करून ठेवा. पंधरवड्यात रेषेवर हात बसणार नाही, पण कापड तयार करणे आणि रंग घोटणे निश्चित जमेल, आणि ते शाळेतल्या मुलांनाही शिकवता येईल.

जवळच सेमारापुरा येथे केर्ता गोसा हा जुना न्यायमंडप आहे. त्याच्या छतावर याच शैलीत भीम स्वर्ग ही कथा रंगवलेली आहे: पंडू आणि माद्री यांना सोडवण्यासाठी भीम नरकात जातो आणि वाटेत पाप्यांना मिळणाऱ्या शिक्षा पाहतो. आपल्या कीर्तनांतून आणि पोथ्यांतून ऐकलेल्या महाभारतात न भेटणारा हा भीम प्रत्येक खान्देशी माणसाने पाहावा असे मला वाटते.

रवाकाम (जळगाव):
आपल्या बहिणीसाठी सेलुक हे गाव योग्य ठरेल. बालीची राजधानी देनपसार येथून उबुडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या परिसरातले हे सोनारांचे गाव आहे आणि तेथील खासियत म्हणजे चांदीच्या सूक्ष्म रव्यांचे काम. बारीक तारेचे तुकडे कोळशावर ठेवून ज्योत दिली की वितळलेली चांदी आपोआप गोल होते. ते रवे एकेक उचलून नक्षीवर बसवायचे, झाळायचे (डाख देऊन जोडायचे), आणि हे करताना रवा वितळूनही जाऊ नये आणि सुटूही नये, इतकाच ताव द्यायचा. सगळे कसब या तावात आहे.

एका गोष्टीचा मला विशेष आनंद वाटतो. झाळण्यापूर्वी रवे जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी तिथले कारागीर परंपरेने गुंजेचा चिकट लगदा वापरत आले आहेत. आपल्या सोनारांनी जिने सोने तोलले तीच ही गुंज, आणि नाजूक दागिन्याचे भाग चिकटवण्यासाठी तिचा उपयोग भारतातही होत असे. (गुंजेचे बी विषारी असते, हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.)

सेलुकमध्ये आणि उबुडमध्ये अर्ध्या दिवसाचे वर्ग भरतात, त्यांत अंगठी किंवा पदक करून घेतात. तो वर्ग केवळ ओळखीसाठी करावा. त्यानंतर त्याच कारागिराला विचारून पुढचे काही दिवस फक्त रवे पाडणे आणि बसवणे एवढेच शिकावे. घडवलेली अंगठी जळगावातही मिळते, तावाचा अंदाज मात्र त्याच्या शेगडीशेजारी बसल्याशिवाय येत नाही.

ताणाबाणा (नंदुरबार):
पत्रकातील बाटिकविषयी थोडे. बाटिक ही मुळात जावा बेटाची कला. उबुडमध्ये ती चांगली शिकवतात, परंतु खास बालीचे कापड पाहायचे असेल तर पूर्वेकडील तेंगानान गाठावे. तिथल्या गेरिंगसिंग कापडात ताणा आणि बाणा हे दोन्ही विणण्याआधीच बांधून रंगवलेले असतात, जसे पाटणच्या पटोळ्यात. त्याचा लाल रंग आल (बारतोंडी) या झाडाच्या जातीतील झाडाच्या मुळांच्या सालीतून काढतात. आपल्याकडचे रंगारीही पूर्वी आलाचाच लाल वापरत. एक कापड पूर्ण व्हायला कित्येकदा वर्षे जातात, त्यामुळे ते शिकण्याचा हट्ट न धरता मागावरच्या बायकांशेजारी एक सकाळ शांतपणे बसावे. वनस्पतिजन्य रंगांचे प्राथमिक वर्ग उबुडमध्ये मिळतात.

बोरीकाठ (अमळनेर):
सर्वांचे मनःपूर्वक आभार. कामासान आणि सेलुक एवढेच ठरवत आहोत. दोन्हींसाठी एकाच ठिकाणी राहणे सोयीचे होईल का, आणि जूनचा पहिला पंधरवडा योग्य आहे का?

कुंचला (धुळे):
दोन्ही गावे गाडीने तासाभराच्या अंतरात आहेत, तेव्हा मधल्या गियान्यार शहरात किंवा उबुडच्या दक्षिणेला एखाद्या कुटुंबाच्या घरी खोली घ्यावी. हवामान त्या काळात कोरडे असते, म्हणजे खळ दिलेले कापडही चांगले वाळेल. फक्त एक काळजी घ्या: बालीचा मोठा सण गलुंगन दर २१० दिवसांनी येतो आणि २०२६ मध्ये तो १७ जूनला आहे. सणाच्या आधीचे काही दिवस कारागीर घरच्या तयारीत गुंततात, म्हणून शिकण्याचे दिवस १० जूनच्या आत संपवा. उरलेले दिवस घरमालकिणीजवळ बसून कोवळ्या माडाच्या पातीचे नैवेद्याचे द्रोण विणायला शिका. ते शिकवायला ती आनंदाने तयार होईल, पण त्यासाठी सरोंग (लुंगीसारखे वस्त्र) नेसून आणि कमरेला पट्टा बांधून बसावे, आणि द्रोण पूजेसाठी असतात हे ध्यानात ठेवून ते जमिनीवर इकडेतिकडे ठेवू नयेत.