ओ-यू-जी-एच : अक्षरे तीच, उच्चार वेगळे

सी-४०१ :
सर्वांना नमस्कार. मुलीची सोमवारी इंग्रजी स्पेलिंगची चाचणी आहे आणि दिलेल्या यादीत ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे एकापाठोपाठ येणारे बरेच शब्द आहेत. 'जरी' या अर्थाचा दो, 'मधून' या अर्थाचा थ्रू, चिवट म्हणजे टफ, खोकला म्हणजे कॉफ आणि झाडाची फांदी म्हणजे बाउ. पाचही शब्दांचा शेवट त्याच चार अक्षरांनी होतो, तरी एकाचाही उच्चार दुसऱ्याशी जुळत नाही. यामागे काही नियम आहे की हे सारे घोकूनच लक्षात ठेवायचे, असे ती विचारते आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

ए-१०२ :
ताई, आमच्या वेळी तरी घोकंपट्टीच होती. अमेरिकेत नांगराचे स्पेलिंग पी-एल-ओ-डब्ल्यू असे सुटसुटीत केलेले आहे. बाकीच्या शब्दांचेही तसेच करायला काय हरकत आहे, हे मला आजवर उमगलेले नाही.

बी-३०३ :
मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. या अक्षरांतले जी-एच आज निरुपयोगी वाटत असले, तरी ते उगाच बसवलेले नाहीत. जुन्या इंग्रजीत घशातून घासून निघणारा एक ध्वनी होता, साधारणपणे उर्दूतल्या नुक्ता दिलेल्या 'ख'सारखा, आणि त्या काळी तो बहुधा एच या एकाच अक्षराने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर लेखनाची सूत्रे फ्रेंच वळणाच्या लेखनिकांकडे गेली आणि पुढे या ध्वनीसाठी जी-एच लिहिण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे 'विचार' या अर्थाचा थॉट हा शब्द एके काळी खरोखरच 'थोख्ट'च्या जवळपास उच्चारला जात होता. पुढे दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि छापील पुस्तकांमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले, पण त्याच शतकांत लोकांच्या तोंडचे स्वर बदलत होते आणि हा घशातला ध्वनी बोलण्यातून नाहीसा होत होता. उच्चार पुढे सरकला आणि लेखन मागे राहिले.

सी-४०१ :
सर, मनापासून आभार. पण मग टफ आणि कॉफ यांत 'फ' कुठून आला?

बी-३०३ :
प्रश्न अगदी योग्य आहे. तो ध्वनी सगळीकडे एकाच रीतीने गेला नाही. काही बोलींत तो शब्दाच्या शेवटी पूर्ण गळून पडला, तर काही बोलींत त्याचा 'फ' झाला, आणि प्रमाण इंग्रजीने एक शब्द एका बोलीतून तर दुसरा दुसरीतून उचलला. थ्रू आणि 'सखोल' या अर्थाचा थरो हे तर मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार होते, ते पुढे स्वतंत्र शब्द झाले. उचकीची गोष्ट मात्र निराळी आहे. तो शब्द मूळचा हिकप, पण खोकल्याशी त्याचे नाते असावे अशा समजुतीने कोणीतरी त्याला कॉफचे स्पेलिंग जोडले, उच्चार मात्र हिकपच राहिला.

बी-७०४ :
आम्ही काही वर्षे जर्मनीत होतो, तिथे हा हरवलेला ध्वनी रोज कानांवर पडत असे. इंग्रजीत रात्र म्हणजे नाइट, जर्मनमध्ये नाख्ट. मुलगी म्हणजे डॉटर, तिकडे टोख्टर. इंग्रजीत जिथे मुका जी-एच दिसतो, तिथे जर्मनमध्ये बहुतेक वेळा हा 'ख' किंवा त्याचा मऊ प्रकार ऐकू येतो. आपल्या नक्तव्रतातला 'नक्त' हा संस्कृत शब्दही याच नाइट आणि नाख्टच्या कुळातला आहे.

ए-१०२ :
हे सारे वाचून आनंद झाला. तरीही जो ध्वनी उरलाच नाही, त्याची अक्षरे मुलांनी का वाहायची?

बी-३०३ :
काका, आपणही तेच करतो. 'पोषण' लिहिताना आपण पोटफोड्या ष काढतो, पण बोलताना बहुतेकांच्या तोंडून शहामृगातला श येतो. मात्र मराठीने या बाबतीत एक धाडसी पाऊल टाकले होते. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चार न होणारे अनुस्वार काढून टाकले, म्हणून पूर्वीचे 'नाहीं' आणि 'घरांत' आज 'नाही' आणि 'घरात' असे लिहिले जातात. ते आपल्याला जमले, याचे कारण तसे ठरवणारी मान्यताप्राप्त संस्था आपल्याकडे होती. इंग्रजी अनेक देशांत पसरली आहे आणि तिच्यासाठी असा निर्णय घेणारे कोणीच नाही.

डी-२०५ :
इंग्लंडमधल्या लफबरो गावाचे स्पेलिंग पाहा. एकाच नावात ही चार अक्षरे दोनदा येतात, आधी 'अफ' म्हणून आणि शेवटी 'ओ' किंवा 'अ' म्हणून. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाचे प्रशिक्षण केंद्र तिथे आहे, म्हणून हे नाव मला माहीत आहे.

बी-३०३ :
उत्तम उदाहरण. ताई, आता सोमवारच्या तयारीविषयी. मुलीला सरसकट यादी पाठ करायला लावू नका, उच्चारांप्रमाणे शब्दांची घराणी पाडा. सर्वांत मोठे आणि भरवशाचे घराणे म्हणजे या चार अक्षरांपुढे टी येणारे शब्द. बॉट, ब्रॉट, थॉट, फॉट, सॉट ही सगळी भूतकाळाची रूपे एकाच चालीची आहेत. दुसरे घराणे 'फ'चे, त्यात टफ, रफ आणि इनफ एकत्र, तर कॉफ आणि गुरांच्या गव्हाणीचा ट्रॉफ शेजारी. 'ओ'च्या घराण्यात दो, ऑल्दो आणि मळलेल्या कणकेचा डो बसतो. थ्रू एकटाच राहतो, तो वेगळा लिहून भिंतीवर लावा.

सी-४०१ :
सर, यादीत दुष्काळ या अर्थाचा शब्दही आहे. त्याच्या शेवटी टी आहे, पण शिक्षिका त्याचा उच्चार ड्राउट असा करतात.

बी-३०३ :
त्यांचे बरोबर आहे. टी असूनही हा शब्द बॉट आणि थॉटच्या चालीने जात नाही. त्याला फांदीच्या बाउ आणि नांगराच्या प्लाउबरोबर 'आउ'च्या घराण्यात ठेवा, आणि त्याखाली लाल रेघ ओढा.