मुलीसाठी मराठी सचित्र बायबलकथा हव्या आहेत

नमस्कार. आम्ही बेळगावला कॅम्पात राहतो. मुलगी 5 वर्षांची. शाळेत इंग्रजी-कन्नड, घरी आणि प्रार्थनेत मराठी. तिच्यासाठी मराठीतच सचित्र बायबलकथा हव्या आहेत. मी पाहिलेल्या पुस्तकांत मजकूर फार, अक्षर बारीक. शिवाय चित्रं मूळ कथेला धरून हवीत असं मला मनापासून वाटतं. बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी लोकांची (पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांची) संख्या सांगत नाही, ते घरात आले म्हणतं. चित्रात मात्र तिघं गोठ्यात, मेंढपाळांशेजारी. योना संदेष्ट्याची गोष्ट तर त्याला गिळणाऱ्या माशापाशीच संपवतात! पुढची निनवे शहरावरची देवाची दया, तो सुकलेला वेल, हे लहानांनाही कळतं. रूथ, एस्तेर या बायबलमधल्या स्त्रियांच्या गोष्टी असतील तर फारच छान. बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापुरात कुठं मिळेल? स्वतः मुलांना वाचून दाखवलेलं पुस्तक असेल तर जरूर सुचवा.