डिझेल पिकअपचं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, गाडी लांब पल्ल्याला टिकवायचीय

पिकअपवाला_79
टर्बो कॉमन रेल (एकाच पाइपातून सगळ्या इंजेक्टरला हाय प्रेशर डिझेल) पिकअप आहे, डीपीएफवाली, म्हणजे एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असलेली, 80 हजार किमी झालेत. विकायची नाहीये, निदान 3 लाख तरी खेचायचीच. रनिंग सगळं छोटं, 4-5 किमीचे फेरे, मागे लोड आणि मध्ये मध्ये इंजिन चालू ठेवून उभी. सर्व्हिस बुकाप्रमाणे वेळेवर करतो. पण हल्ली डिपस्टिकवर ऑइल मॅक्सच्या वर दिसतंय, वरून कोणी टाकलेलं नाही, मग हे वाढतंय कसं?

काळा_धूर
ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. डीपीएफमधली काजळी जाळायला, म्हणजे रिजनला, एक्झॉस्ट 600 डिग्रीच्या आसपास तापवावा लागतो आणि त्यासाठी बऱ्याच गाड्यांत इंजिन सिलिंडरमध्येच जादा डिझेल सोडतं. त्यातलं थोडं भिंतीवरून खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनखाली ऑइल साठतं तिथे, जातं, आणि तुमचा फेरा तोवर संपलेला, गाडी बंद, की पुढच्या वेळी परत पहिल्यापासून. डिपस्टिकचा थेंब दोन बोटांत चोळा आणि वास घ्या, डिझेल लगेच कळतं, चिकटपणापण गेलेला असतो. असं असेल तर किमी न बघता ऑइल-फिल्टर आत्ताच बदला, पातळ ऑइलवर बेअरिंग आणि टर्बो दोन्ही जातात. ऑइल लो-ॲशच (कमी राख होणारं) घ्या, साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती रिजनमध्ये जळत नाही. आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर 20-25 मिनिटं सलग पळवा. आयडल आरपीएम थोडा वर, रेडिएटरचा फॅन जोरात, तापल्याचा वास, असं असलं की रिजन चालूय, तेव्हा गाडी बंद करू नका हो!

टॉर्क_भाऊ
सरळ डीपीएफ काढून ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) ब्लॉक करा, कटकटच नको

काळा_धूर
@टॉर्क_भाऊ नाही पटत. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे, आणि ती काजळी मग मागच्या माणसाच्या छातीत जाते. शिवाय इंजेक्टर लीक असेल तर डीपीएफ काढूनही ऑइल वाढतच राहणार. ऑइल बदलून, सलग रनिंग देऊनही लेव्हल चढली तर आधी इंजेक्टरची लीक टेस्ट करा.

ग्रीसगन
वरचं बरोबर, पण माझ्या मते कॉमन रेलचा खरा शत्रू पाणी. रेलमध्ये प्रेशर 1600-2000 बार, आणि हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच, त्यात पाणी गेलं की पंप घासून चुरा पुढे सगळ्या इंजेक्टरमध्ये, मग अख्खी सिस्टीम उतरवा. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बरणीत घ्या, पाणी असेल तर खाली वेगळं बसतं. मीटरवर लाइट लागायची वाट बघू नका. नवीन फिल्टर बसवताना आत कॅनचं डिझेल ओतायचं नाही, ते न गाळलेलं असतं, हातपंपाने प्राइम करा, म्हणजे डिझेल भरून हवा काढा. आणि लोडची गाडी आहे तर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला निपल असतील तर ग्रीस, डिफरन्शियलचं ऑइल, सस्पेन्शनच्या पाट्यांचे यू-बोल्ट, हे बघा, इंजिनच्या नादात खालचं कोणी बघतच नाही.

पिकअपवाला_79
बोटावर घेतलं, डिझेलचा वास स्पष्ट येतोय. उद्याच ऑइल-फिल्टर बदलतो आणि मग दर आठवड्याला लेव्हल लिहून ठेवतो. ग्रीसगन दादा, बरणीत पाणी निघालं तर टाकीपण साफ करावी लागते का?

ग्रीसगन
एकदाच थोडं निघालं तर नाही. ड्रेन करा, 2-3 दिवसांनी परत बघा. परत तेवढंच निघालं तर टाकी उतरवा.