मदत हवी आहे: शाळांच्या देवाणघेवाण प्रकल्पासाठी शिक्षकांना ट्रेनिंग कसं द्यावं?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, गाव किनाऱ्यावरचं. 'एक भारत श्रेष्ठ भारत' या राज्याराज्यांच्या जोड्या लावणाऱ्या केंद्राच्या उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे, त्यातनं गेल्या वर्षी आम्ही पुरी जिल्ह्यातल्या एका शाळेबरोबर थोडंफार काहीतरी केलं. तेवढ्यावर आता तालुक्यातल्या २४ शिक्षकांना दोन दिवस ट्रेनिंग द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण काय तर "सर तुम्हाला अनुभव आहे".

टाइमटेबल आयतं मिळालंय. पहिला दिवस व्हिडिओ कॉलसाठी गूगल मीट कसं लावायचं, फोटो कुठे अपलोड करायचे, अहवाल कसा भरायचा. दुसरा दिवस दोन्ही राज्यांचे सण, वेशभूषा, खाद्यपदार्थ यावर पीपीटी. मला हे नकोय. मीट लावणं आता शिक्षकांना शिकवायला लागत नाही हो, लॉकडाऊनमध्ये सगळे शिकले. अडतं ते भलतीकडेच.

आमच्या पहिल्या कॉलचंच सांगतो. मुली नऊवारीत, एकाला मिशा काढून मावळा केलेला, वीस मिनिटं लावणी कोळीगीत वगैरे. मग तिकडून संबलपुरी नाच. टाळ्या. मग तिकडचे सर म्हणाले अब बच्चे सवाल पूछेंगे, आणि दोन्हीकडे चिडीचूप. शेवटी आमच्या एकाने पाठ करून घेतलेला प्रश्न विचारला, आपके राज्य की राजधानी क्या है. तिकडून भुवनेश्वर. परत शांतता. तेवढ्यात मागच्या रांगेतलं एक कोळ्याचं पोर, ज्याला मी कार्यक्रमात कुठेच घेतलं नव्हतं, ते उठून म्हणालं, "आपके यहाँ मच्छी बंद कब होता है?" तिकडे एकदम चारपाच जण बोलायला लागले. त्यांची मासेमारीबंदी १५ एप्रिल ते १४ जून, आपली १ जून ते ३१ जुलै. आमचं पोर म्हणतंय, "म्हणजे आम्ही होडी शाकारली (पावसाळ्यासाठी झाकून ठेवली) की यांची पाण्यात!" मग बोटी केवढ्या, बंदीत घरी काय खाता, असं रंगात यायला लागलं आणि मी काय केलं असेल? आभारप्रदर्शन राहिलंय म्हणून थांबवलं. कार्यक्रमपत्रिकेत होतं ना. अजून चुटपुट लागते.

दुसरा प्रसंग शेजारच्या शाळेतला. त्यांच्या मुलाने कॉलवर अभिमानाने सांगितलं की आमच्या मराठ्यांनी तुमच्याकडे राज्य केलं होतं. खरंच आहे, १७५१ ते १८०३ नागपूरकर भोसल्यांकडे होता तो मुलूख. पण तिकडे त्या काळाची आठवण काही आपल्यासारखी नाही, बर्गींची, म्हणजे मराठा घोडेस्वारांची, लुटालूट म्हणून आहे. समोरचे सर नुसते हसले आणि विषय बदलला. शेजारच्या शाळेच्या मॅडमना कळलंच नाही काय झालं ते.

तर प्रश्न हा की अशा वेळी शिक्षकाने काय करायचं, हे दोन दिवसांत शिकवता येतं का? आणि पीपीटीशिवाय कसं शिकवायचं? कोणी असं ट्रेनिंग घेतलं किंवा दिलं असेल तर प्लीज सांगा. गटसाधन केंद्रातला हॉल आहे, प्रोजेक्टर कधी चालतो कधी नाही.

घाटावरची
सर, तुमच्या २४ जणांत आंतरजिल्हा बदलीच्या रांगेतले लातूर बीड परभणीचे किती आहेत ते आधी बघा. मी स्वतः उस्मानाबादची, आठ वर्षं कोकणात काढली. पहिल्या पावसात दप्तरांना बुरशी आली तेव्हा रडले होते, आणि उकड्या तांदळाची पेज लोक आवडीने खातात हे बघून आजारी आहेत का विचारलं होतं. पहिलं सत्र यांच्यावरच घ्या. जोड्या लावा, एक इथला एक बाहेरचा, आणि एकमेकांना असे प्रश्न विचारायचे ज्यांचं उत्तर गुगलवर मिळत नाही. सण आणि राजधानी बाद. अर्ध्या तासात कळतं की चांगला प्रश्न विचारणं किती अवघड असतं, आणि दुखेल असं बोलून जाणं किती सोपं.

सावलीवाला
वरचं पटलं, +१. माझं म्हणणं कॉल आधी नकोच. आधी दोघांनी मिळून एक काम करायचं. तुम्ही पश्चिम किनाऱ्यावर, ते पूर्व किनाऱ्यावर, रेखांशात साडेबारा अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे त्यांची भर दुपार तुमच्या पन्नास मिनिटं आधी. घड्याळ मात्र एकच! एकाच दिवशी काठी रोवून दोन्हीकडे दर दहा मिनिटांनी सावली मोजा. मुलांना एकमेकांचे आकडे लागतात, मग बोलणं आपोआप होतं. ट्रेनिंगमध्ये शिक्षकांकडूनच हॉलबाहेर करून घ्या, प्रोजेक्टर लागत नाही.
आयअर्न म्हणून जगभरच्या शाळांचं नेटवर्क आहे, १९८८ ला न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळांपासून सुरू झालं, तिथेही भर एकत्र काम करण्यावरच आहे.

कासवप्रेमी
रत्नागिरी आणि ओडिशा म्हटल्यावर कासवं कशी विसरलात सर?? २०२१ ला ओडिशात टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. तयार प्रकल्प आहे हा. कासवं अंडी घालायला येतात ते किनारे, तुमचं वेळास, त्यांचं गहिरमाथा.

जुना मास्तर
मराठ्यांच्या प्रसंगाबद्दल. विषय टाळायला शिकवू नका. "तुमच्याकडे या काळाबद्दल काय सांगतात?" एवढं एक वाक्य शिक्षकाच्या तोंडात बसवा. पुरीच्या देवळासमोरचा अरुणस्तंभ मराठ्यांच्या काळात कोणार्कहून आणलेला आहे, तिकडच्या पोरांना त्याबद्दलच विचारायला सांगा. लूटही आहे आणि हेही आहे. हॉलमध्ये तो प्रसंग नाटकासारखा करा, एक गट ओडिशाचा, आणि तुम्ही मध्ये बोलू नका.

वैतागलेला गुरुजी
सगळं छान हो, पण करणार कधी? आधार, शालार्थ (पगाराचं पोर्टल), पोषण आहाराची माहिती, निवडणूक. त्यात तिकडे पूजेच्या सुट्ट्या, आपल्याकडे दिवाळी, दोन महिने असेच जातात.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. गुरुजी, तुमचं चूक नाही, म्हणून तर महिन्याला एकच काम ठेवायचं म्हणतोय, सुट्ट्यांच्या आत बसेल असं. मुलांचे फोटो आणि पालकांची संमती हा अर्धा तास मात्र ठेवतोय, त्यात आमच्याकडे गोंधळ झालेला आहे.
अहवालाचं सत्र काढता येणार नाही, ते दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ढकललंय. पेंगतात तेव्हा सगळे.
लातूरचे दोघे निघाले यादीत, त्यातला एक अजून फणसाला हात लावत नाही. सुरुवात त्याच्यापासूनच करतो.